'बाप रे' आणि 'बॉबरी': हाक हरवलेल्या एका उद्गाराची गोष्ट

(पौड, ता. मुळशी येथे झालेल्या सार्वजनिक व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली वळणे शक्यतो तशीच ठेवली आहेत.)



विषय जाहीर झाल्यावर एकदोघांनी विचारलं, की तत्त्वज्ञानाचा माणूस 'बाप रे'वर तासभर काय बोलणार? प्रश्न रास्त आहे. पण तत्त्वज्ञानाचा जन्मच आश्चर्यातून झाला, असं प्लेटोनं सॉक्रेटिसाच्या तोंडून म्हणवून घेतलं आहे. तेव्हा आश्चर्य वाटल्यावर माणूस पहिल्यांदा काय उच्चारतो, हा प्रश्न आमच्या खात्यातलाच समजा.

इंग्रजीत आश्चर्याचे उद्गार पुष्कळ आहेत. 'ओ माय गॉड', 'माय गुडनेस', 'ग्रेट स्कॉट', 'ब्लायमी'. आज मला बोलायचंय ते त्यातल्या एका विसरल्या गेलेल्या उद्गाराबद्दल, कारण तो आपल्याकडून तिकडे गेला. तो उद्गार म्हणजे 'बॉबरी बॉब'. कंपनीच्या आणि नंतर राणीच्या राज्यातले गोरे लोक आश्चर्य वाटलं की गमतीनं असं म्हणत. हे आपल्या 'बाप रे बाप'चं इंग्रजी रूप. त्यातूनच 'बॉबरी' असं एक नाम तयार झालं. त्याचा अर्थ गोंगाट, गडबड, दंगा. घोडा बुजला तर तो 'बॉबरी' करतो, नोकरांचं भांडण लागलं तर ती 'बॉबरी'.

आता इथेच थांबून बघा. आपल्याकडे 'बाप रे' म्हणजे आश्चर्य, भीती, हादरा. तिकडे गेल्यावर तोच शब्द 'गोंगाट' झाला. मधे काय घडलं? माझं आजचं सगळं बोलणं या 'मधे'बद्दल आहे.

ही माहिती मिळते 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात. कर्नल हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल या दोघांनी तो रचला. यूल स्कॉटिश, बंगालमधला इंजिनिअर अधिकारी. बर्नेल मद्रासकडचा सनदी अधिकारी आणि संस्कृतचा मोठा जाणकार. बर्नेल १८८२ मध्ये वारला, कोश छापून आला १८८६ मध्ये. १९०३ साली विल्यम क्रूकनं त्यात भर घालून दुसरी आवृत्ती काढली. हिंदुस्थानात राहणाऱ्या इंग्रजांच्या बोलण्यात आलेले शब्द, त्यांची मुळं आणि जुन्या ग्रंथांतले दाखले, असा हा कोश. मी तो वर्षानुवर्षं चाळत आलो आहे आणि अजून कंटाळा आलेला नाही. त्यामुळे पुढची टीका एका चाहत्याची आहे, हे ध्यानात ठेवा.

कोशाच्या नावापासूनच सुरुवात करू. मोहरमच्या मिरवणुकीत लोक छाती पिटत 'या हसन! या हुसैन!' असा आक्रोश करतात. इंग्रज शिपायाच्या कानाला ते 'हॉब्सन-जॉब्सन' असं ऐकू आलं. ही जोडी इंग्रजीत गावंढळ, विनोदी माणसांच्या नावांसारखी वाजते. परकी अक्षरं आपल्या भाषेच्या साच्यात अशी बसवून घेण्याच्या सवयीला भाषाभ्यासक आजही 'हॉब्सन-जॉब्सनचा नियम' म्हणतात. नियम ध्वनींचा आहे, ठीक. पण ध्वनींबरोबर आणखी काय बदललं, ते पाहा. करबला इथे मारल्या गेलेल्या हुसैनला आणि त्यांच्या भावाला मारलेली ती हाक होती. तिचं एक मजेदार जोडनाव झालं. 'या' म्हणजे 'हे', 'अहो'. हाक मारायचं ते अक्षर पार गळून गेलं.

'बाप रे'चंही तसंच झालं. 'बाप'चा 'बॉब' झाला, कारण बॉब हे त्यांच्या घरातलं नाव. आणि 'रे'? इंग्रजीत 'रॉबरी', 'नर्सरी', 'बेकरी' असे शब्द आहेत. कुठली तरी क्रिया, जागा, धंदा सांगणारा तो शेवटचा 'री' नाम बनवणारा प्रत्यय आहे. आपला 'रे' जाऊन त्या 'री'च्या जागी बसला. हाक मारणारं अक्षर वस्तूचं नाव बनवणारं अक्षर झालं, आणि एकदा नाम झाल्यावर त्याला 'ही बॉबरी', 'ती बॉबरी' म्हणता येतं, ती बंद करा म्हणता येतं.

कुणी म्हणेल, प्रोफेसर, 'बाप रे' ही मुळात हाक आहे कशावरून? सवयीचा उद्गार आहे तो, कुणी खरंच वडिलांना बोलावत नाही. हा आक्षेप गंभीर आहे, म्हणून त्याचं उत्तर व्याकरणातून देतो. मराठीत 'रे' पुरुषाला, 'गं' बाईला. 'काय रे', 'काय गं'. आता समजा, तुम्ही घरी बायकोला सांगताय, 'बाप रे, केवढी महागाई!' समोर बाई आहे म्हणून तुम्ही 'बाप गं' म्हणता का? नाही. मुलगा पडला, खरचटलं, समोर मास्तर उभे आहेत. तो 'आई गं' म्हणतो, 'आई रे' म्हणत नाही. म्हणजे 'रे' आणि 'गं' हे समोरच्या ऐकणाऱ्याशी जुळत नाहीत. ज्याला हाक मारली त्याच्याशी जुळतात. बोलणारा विसरला असेल. भाषा विसरलेली नाही. हजर नसलेल्या बापाला ती अजून हाक मारते आहे.

ठेच लागली की आई आठवते आणि वाघ दिसला की बाप, हे निरीक्षण आता भाषणांत आणि मोबाइलवर फिरून फिरून गुळगुळीत झालंय. मी त्यात शिरत नाही. मला त्यातली एवढीच गोष्ट हवी आहे: आपल्याकडे वेदना आणि विस्मय यांना पत्ता असतो. 'अरे देवा' देवाला, 'अगंबाई' कुणा बाईला, 'आई गं' आईला. २००४ साली केदार शिंदे यांचा 'अगंबाई अरेच्चा!' हा सिनेमा आला. बायकांच्या मनातलं ऐकू येऊ लागलेल्या पुरुषाची गोष्ट. बायकांचा उद्गार आणि पुरुषांचा उद्गार जोडून केलेलं नाव. त्यातल्या 'अगं' आणि 'अरे' या दोन्ही हाकाच आहेत.

आता पुन्हा कोशाकडे वळू. क्रूकनं १९०३ च्या आवृत्तीत 'बॉबरी'खाली एक फार जुना दाखला घातला, आणि तो आपल्या बाजूचा, गोव्याचा आहे. फ्रान्सिस्को द सोझा या जेझुइट पाद्र्याचा 'ओरिएंते कोंकिस्तादु' हा पोर्तुगीज ग्रंथ १७१० साली लिस्बनला छापला गेला. त्यात सांगितलंय, की इथले लोक हातानं तोंडावर मारत एक विशिष्ट आवाज काढतात, त्याला आमच्यात 'बाबारे' म्हणतात. पुढे तो शब्दही फोडून दाखवतो: 'बाबा' म्हणजे मूल, आणि 'अरे' हे हाक मारायचं अव्यय.

हातानं तोंडावर मारत ओरडणं. मंडळी, हे काय आहे ते तुम्हाला सांगायला हवं का? ही बोंब! पालथ्या हातानं मारलेली. शिमग्यात मारतात ती, पण मुळात ती शिमग्यापुरती नाही. आग लागली, चोर आले, जनावर शिरलं, की वस्तीला गोळा करायला मारतात ती बोंब. फोन, सायरन यायच्या आधी गावाकडे तेच तर साधन होतं. आता 'बोंब' आणि 'बॉबरी' एकाच मुळातले आहेत असं मी म्हणत नाही. व्युत्पत्तीत नुसतं कानावर विसंबलं की फसगत होते. माझं म्हणणं एवढंच, की पाद्र्यानं वर्णन केलेली कृती आपल्या ओळखीची आहे, आणि तीसुद्धा मदतीची हाक आहे. त्या पाद्र्याचा कान मला फार आवडतो. 'बाबा'चा अर्थ त्यानं मूल असा घेतला, कारण गोव्यात लहान मुलग्याला लाडानं बाबा म्हणतात. देशावरचा माणूस बाप म्हणेल. पण 'अरे' म्हणजे हाक, हे त्याला १७१० साली ऐकू आलं. पावणेदोनशे वर्षांनी कोशात 'बॉबरी'चा अर्थ लिहिताना ती हाक अर्थात उरली नाही.

दुसरा दाखला बंगालचा आहे, आणि तो वाचताना दर वेळी मी थांबतो. ५ ऑगस्ट १७७५ रोजी कलकत्त्यात महाराजा नंदकुमारला फाशी दिलं. त्यानं वॉरन हेस्टिंग्जवर लाचखोरीचे आरोप केले होते. त्यानंतर त्याच्यावर बनावट दस्तऐवजाचा खटला भरला गेला, आणि मुख्य न्यायाधीश इलायजा इम्पी यांच्या कोर्टानं इंग्लंडच्या कायद्यानं त्याला देहान्ताची शिक्षा दिली. बनावट कागदासाठी फाशी ही गोष्ट इथल्या लोकांच्या कल्पनेबाहेरची होती. एडमंड बर्कला उद्देशून १७८२ साली छापलेल्या एका पत्रात एका कॅप्टनची साक्ष आहे, आणि कोशानं ती 'बॉबरी बॉब'खाली दिली आहे. आठ-दहा हजार लोक जमले होते. फळी सरकली त्या क्षणी सगळा जमाव ओरडत एकदम पांगला. फासापाशी उरले ते अधिकारी, त्यांचे नोकर आणि काही युरोपियन बघे. जमाव काय ओरडला? 'आ बाप रे'. आणि कॅप्टन खुलासा करतो, की काही भयंकर दिसलं किंवा फार यातना झाल्या की हे काळे लोक असं ओरडतात.

कॅप्टनचा अर्थ चुकीचा नाही. भय होतं, यातना होती. पण एखाद्या पक्ष्याच्या आवाजाची नोंद करावी तसा तो लिहितो: अमुक प्रसंगी हा प्राणी असा आवाज करतो. दहा हजार माणसं त्या क्षणी कुणाला तरी हाक मारत होती, कारण समोरच्या सरकारात हाक मारण्यासारखं त्यांना कुणी दिसत नव्हतं. हे त्याच्या खुलाशात कुठेच नाही.

कोशकारांवर अन्याय करायचा नाही. तिथेच यूल सांगतो, की आमचा स्कॉटलंडकडचा एक मित्र आश्चर्य वाटलं की 'माझी पणजी!' म्हणायचा. फिलिपिन्समधल्या 'आई माझी' अशा अर्थाच्या उद्गाराचीही तो आठवण देतो. म्हणजे आपल्या माणसाला हाक मारणं ही काळ्या लोकांची लकब नाही, हे त्याला घडीभर दिसलेलं आहे. पण ते कंसातल्या विनोदासारखं येतं आणि जातं.

आता थोडं आमच्या खात्यातलं. भरतानं नाट्यशास्त्रात अद्भुत रसाचा स्थायी भाव विस्मय सांगितला आणि त्याच्या खुणा मोजल्या. डोळे विस्फारणं, पापणी न लवणं, रोमांच, अश्रू, 'साधु साधु' म्हणणं, आणि त्यात हाहाकारही आहे. आनंदाचं 'वा' आणि संकटाचं 'हाय' एकाच यादीत. देकार्तनं १६४९ च्या ग्रंथात भावनांची मोजदाद केली तेव्हा विस्मयाला पहिला नंबर दिला. कारण समोरची गोष्ट आपल्या हिताची की अहिताची हे कळायच्या आधीच विस्मय होतो. 'बाप रे' बरोबर तिथे उभा आहे. ताम्हिणीत पावसाळ्यातला धबधबा बघूनही बाप रे, आणि वाटेत फुरसं दिसलं तरी बाप रे. चांगलं की वाईट ते मागाहून ठरतं. आधी हाक जाते.

विसाव्या शतकात विट्गेन्श्टाइननं एक साधी गोष्ट दाखवली. 'पाणी!', 'वाचवा!', 'आई गं!' असल्या उद्गारांकडे बघा, ही काय वस्तूंची नावं आहेत? शब्द म्हणजे कशाचं तरी नाव, हा समज इथे मोडतो. उद्गार काही वर्णन करत नाही, काही तरी करतो. 'बॉबरी'त नेमकं उलट घडलं: जे काही तरी करत होतं, त्याचं नाव पाडलं गेलं. आणि नाव पाडतो तो नेहमी ऐकणारा, ओरडणारा नाही. ओरडणाऱ्यासाठी ती हाक असते. लांबून ऐकणाऱ्यासाठी कटकट.

पण बोट इंग्रजांकडेच रोखून भागणार नाही. आपण शाळेत काय शिकवतो? दादोबा पांडुरंगांच्या १८३६ च्या व्याकरणापासून मराठीचं व्याकरण संस्कृत आणि इंग्रजी अशा दोन्ही घाटांवर घडत गेलं. शाळेच्या पुस्तकात केवलप्रयोगी अव्ययं येतात. आश्चर्यदर्शक: अबब, अरेच्चा, बापरे. शोकदर्शक: अरेरे, हाय हाय, आई गं. परीक्षेत जोड्या लावा. 'केवल' म्हणजे एकटं, वाक्याशी संबंध नसलेलं. आणि 'बापरे' आपण जोडून लिहायला लागलो, एकच शब्द. म्हणजे 'रे'ला 'बाप'मध्ये विरघळवण्याचं जे काम त्या गोऱ्या शिपायानं कानानं केलं, ते आपण लेखणीनं केलं. माझ्यापुरतं मी 'बाप रे' तोडून लिहितो. हट्ट म्हणा हवं तर.

आता या तालुक्याशी याचा काय संबंध, ते सांगतो. याच कोशात 'मा-बाप' अशी दुसरी नोंद आहे, वर्णानुक्रमानं बरीच लांब पडलेली. मदत मागताना, शिक्षेतून सूट मागताना किंवा हुकूम पाळायची इच्छा नसताना नेटिव माणूस साहेबाला 'आपणच मायबाप' म्हणतो. कोश म्हणतो, नवा तरुण साहेब हे पहिल्यांदा आश्चर्यानं ऐकतो, आणि लवकरच त्याला ते सवयीचं होतं. केवढं खरं निरीक्षण आहे! इथे आश्चर्य साहेबाला वाटतं, आणि ते काही दिवसांतच विरतं. एक माणूस दुसऱ्याला बाप म्हणतोय, आणि त्या दुसऱ्याला त्याचं काहीच वाटेनासं होतं.

'मायबाप' शब्द आपला आहे. तमाशात रसिक मायबाप असतात, वारकऱ्यांचा विठ्ठल मायबाप असतो. 'मायबाप सरकार' त्याच तोंडातून आलं. त्यात लाचारी होती, पण त्याचबरोबर एक दावाही होता: बाप म्हणालोय, आता बापासारखं वाग. १९२१ मध्ये मुंबईच्या विजेसाठी टाटा कंपनीचं धरण इथे मुळेवर होत होतं आणि मावळ्यांच्या जमिनी, भाताची खाचरं पाण्याखाली जाणार होती. जमिनी घ्यायला सरकारचा कायदा कंपनीच्या मदतीला होता. त्या वर्षी १६ एप्रिलला, रामनवमीच्या दिवशी सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट त्यातूनच 'सेनापती' झाले. घोषणा होती 'जान किंवा जमीन'. ऐका नीट. तीन शब्द, आणि त्यात कुठेही मायबाप नाही. ज्याला इतकी वर्षं हाक मारली तो ऐकत नाही, हे कळल्यावर माणूस हाक मारायचं थांबवतो आणि अट घालतो. धरण झालं, लढा १९२४ पर्यंत चालून ओसरला, पाणी आज तिथेच आहे. शनिवार-रविवारी गाड्या थांबवून लोक त्या पाण्याकडे बघून म्हणतात, 'बाप रे, काय सुंदर!' म्हणावं, जरूर म्हणावं. फक्त याच पाण्याकडे बघून 'बाप रे' म्हटलेली दुसरीही माणसं असणार, आणि त्यांचा 'बाप रे' वेगळा असणार, एवढं मनात असू द्यावं. धरणाविरुद्धच्या आंदोलनाला आजही कुणी 'बोंबाबोंब' म्हणतं, तेव्हा मला 'बॉबरी' आठवते. शब्द मराठी आहे, कान मात्र त्या कॅप्टनचा.

शेवटी उलटा प्रवास. इंग्रजीतल्या 'ब्लायमी'त 'देवा, माझे डोळे जावोत' अशी शपथ लपलेली आहे. 'गॉश' म्हणजे झाकलेला 'गॉड'. देवाचं नाव व्यर्थ घेऊ नये या धर्माज्ञेच्या धाकानं नावं अशी मुरडली गेली. 'ओ एम जी' हे संक्षिप्त रूप पोरांनी मोबाइलवर काढलं असं आपण समजतो. ऑक्सफर्ड कोशातला त्याचा सर्वांत जुना दाखला १९१७ चा आहे: नौदलाचे वृद्ध अधिकारी लॉर्ड फिशर यांनी चर्चिलला लिहिलेलं पत्र. आज आपली नातवंडं 'ओ माय गॉड' म्हणतात. त्यातला 'ओ' ही हाकच होती, पण आता तिथे कुणाला बोलावलेलं नसतं. म्हणजे देवाणघेवाण बरोबरीत सुटली: त्यांनी आपल्या बापाची हाक हरवली, आपण त्यांच्या देवाची.

(यानंतर झालेल्या प्रश्नोत्तरांतला एक प्रश्न.)

प्रश्न: सर, मग मुलांना 'ओ माय गॉड' म्हणू द्यायचं नाही का?

उत्तर: अहो, म्हणू दे की. आश्चर्य वाटतंय हे काय थोडं आहे? आजकाल मोबाइलवर एवढं दिसतं, की कशाचंच आश्चर्य न वाटण्याची भीती जास्त. मुलांच्या तोंडावर पहारा बसवून काही साधत नाही. माझा आग्रह कानाबद्दल आहे. कुणी 'बाप रे' म्हणालं, 'आई गं' म्हणालं, 'ओ माय गॉड' म्हणालं, तर आपण एकदा मान वर करून बघावं आणि 'काय झालं रे?' एवढं विचारावं. त्या 'रे'ला दुसऱ्या 'रे'चं उत्तर मिळालं, की झालं.